ग्लाइडवर (लँडिंगसाठी उतरायच्या ठरलेल्या तिरक्या रेषेवर) आल्यावर स्पीड पडतच नाही, काय चुकतंय?

नाशिकचा_पायलट:
ए320 विमानाचं टाइप रेटिंग (त्या विमानापुरतं खास ट्रेनिंग) चालू आहे, सिम्युलेटरमध्ये दुसऱ्यांदा तेच झालं. मुंबई रनवे 27, एटीसीने (कंट्रोल टॉवरवाल्यांनी) सांगितलं 160 नॉट्स टिल 4 माइल्स, म्हणजे रनवे 4 माइलवर येईपर्यंत 160 धर, मी फ्लॅप 2 वर (पंखाच्या मागच्या पट्ट्या थोड्या खाली) 160 धरून आलो, 4 माइलला गिअर (चाकं) खाली, फ्लॅप 3, फुल, थ्रस्ट आयडल (इंजिनाचा जोर अगदी कमी), आणि 1000 फुटांना बघतो तर 152! लँडिंगसाठी पाहिजे होते 136. सरांनी गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर जाणं) करायला लावलं. लेव्हलमध्ये (खाली न येता सरळ उडताना) तर लगेच स्लो होतं ना विमान?

कॅप्टन_काका:
अरे कसारा घाट उतरताना पाय काढला म्हणून गाडी थांबते का? 3 अंशाच्या ग्लाइडवर तू दर माइलला साधारण 320 फूट खाली येतोस, ती उंची स्पीडमध्येच जाते. क्लीन (गिअर, फ्लॅप आत) असशील तर स्पीड जवळपास पडतच नाही, गिअर आणि लँडिंग फ्लॅप असले तरी माइलला 10 ते 20 नॉट्स, बस. आता तुझा हिशोब कर, 4 माइलला तू साधारण 1270 फुटांवर, म्हणजे 1000 फुटांपर्यंत हातात एक माइलसुद्धा नाही, त्यातला निम्मा गिअर खाली येऊन लॉक होईपर्यंत गेला. म्हणून साडेपाच माइलला गिअर आणि फ्लॅप 3 घे, 160 थ्रस्टवर धर, 4 ला फुल घेऊन स्पीड सोड. मागून वारा असेल तर अजून आधी.

सातशे_सदतीस:
काकांशी सहमत, आणि यात दुसरा फायदा म्हणजे इंजिन स्पूल झालेलं राहतं, म्हणजे वेगात फिरत असतं, लगेच जोर देतं. स्पीड 136 ला आलं की थ्रस्ट परत वर आला का ते डोळ्याने बघायचंच. सॅन फ्रान्सिस्कोला 2013 मध्ये एशियाना एअरलाइनचं 777 विमान आधी उंच होतं, मग थ्रस्ट आयडललाच राहिला, 137 च्या जागी स्पीड 103 पर्यंत पडलं आणि शेपूट समुद्राच्या भिंतीला धडकली, 3 जण गेले.

मंगळूरी:
गो-अराउंड करायला लावलं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस मित्रा. 2010 ला आमच्याकडे मंगळूरला अनस्टेबल अप्रोच (स्पीड, उंची जागेवर नसताना उतरणं) कॅप्टनने सोडला नाही, फर्स्ट ऑफिसर गो-अराउंड म्हणत होता तरी. 158 माणसं गेली.

नाशिकचा_पायलट:
धन्यवाद काका, निम्मा माइल गिअरमध्येच जातो हे डोक्यातच नव्हतं. आणि 160 जमणारच नसेल तर?

कॅप्टन_काका:
मग 10 माइललाच एटीसीला "अनेबल" (जमणार नाही) सांग, ते मागच्या विमानाला स्लो करतील. 4 माइलला सांगून कुणाचाच उपयोग नाही.