चार वाजता उठून डबे करते, देवाजवळ बसायला वेळच उरत नाही. तुम्ही काय करता?

प्रश्न: सातपूरची_डबेवाली

सर्वांना सलाम. मी सातपूरला राहते, घरून डबे देते. सध्या ३४ डबे आहेत. बरीचशी एमआयडीसीतली पहिल्या शिफ्टची मुलं, बाहेरगावहून आलेली, खोली करून राहणारी. पहाटे चारला गॅस पेटतो. साडेसहाला पहिली पिशवी जाते, मग दुसरी खेप, मग भांडी, मग मंडई, मग संध्याकाळचं.

माझी आई रोज पहाटे स्टोव्ह पेटवायच्या आधी चटईवर गुडघे टेकायची. तिच्या गुडघ्यांना घट्टे पडले होते. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचे. लग्नानंतर काही वर्षं मीही तसं केलं. डबे सुरू झाले आणि ते मोडलं. आता रात्री दहाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडते, दोन-तीन वचनं होतात आणि डोळा लागतो. पहाटे गजर होतो तेव्हा पुस्तक छातीवर असतं.

मागच्या रविवारी उपदेश होता मरीया आणि मार्थेवर. प्रभू येशू या दोघी बहिणींच्या घरी आला, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था स्वयंपाकात अडकली. मार्थेने बहिणीची तक्रार केली, तर प्रभूने मरीयेचंच बरोबर म्हटलं. सगळ्या मंडळीत मला वाटलं की हे माझ्याकडेच बघून चाललंय. बाकावर बसल्या बसल्या रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी बसले तर त्या पोरांनी काय खायचं?

मला देव हवाय. मनापासून हवाय. फक्त रविवारपुरता नको. पण 'थोडा वेळ काढा' हे कृपया सांगू नका, तो निघत असता तर इथे लिहिलं नसतं. ज्यांचं काम असंच आहे त्यांनी सांगा, तुम्ही काय करता?

उत्तर: शरणपूरची_मावशी

बाळ, मी ७३ वर्षांची आहे. शाळेत शिकवलं, चार मुलं वाढवली, सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला होत्या. त्यामुळे तुझा राग मला कळला.

मार्थेची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात संपते असं आपण समजतो. तिथे थांबू नकोस, योहानात जा. अकराव्या अध्यायात भाऊ मेलाय, मरीया घरात बसून राहिली आहे, आणि मार्था उठून वाटेवर प्रभूला गाठते. 'तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस' ही कबुली त्या घरात तिच्या तोंडून आली (योहान ११:२७). पुढे बाराव्या अध्यायात बेथानीत जेवण आहे आणि मार्था काय करते? वाढते! परत तेच काम. पण या वेळी तक्रार नाही आणि प्रभूही तिला काही म्हणत नाही. म्हणजे लूकमध्ये प्रभूला खुपलं ते तिचं काम नव्हतं, तिच्या जिवाची तगमग होती. बहिणीच्या नावाने चाललेली धुसफूस होती. मला तरी तो उतारा असाच वाचता येतो.

आता करायचं काय. डब्यांवर नावं असतात ना? मी वर्गात हजेरी घ्यायचे तेव्हा प्रत्येक नावाबरोबर मनात एक वाक्य म्हणायचे. 'प्रभू, याच्या घरी भांडणं आहेत.' 'प्रभू, हिला आज ताप आहे.' ५२ मुलं, मोजून चार मिनिटं, आणि ती मिनिटं मला तशीही द्यायचीच होती. तू झाकण लावताना ते नाव घे. वेगळी प्रार्थना नको. झाकण लागेपर्यंत जेवढं होईल तेवढं.

आणि घाई करू नकोस. आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा. मधली वर्षं नुसती गेली नाहीत. सोवळंओवळं आधी सुटलं, बाप्तिस्मा मागून आला. देवाने त्या बाईला आधी स्वयंपाकघरातच गाठलं, असं मी नेहमी म्हणते.

उत्तर: थर्डशिफ्ट_अंबड

ताई, मी मशीनवर असतो. तिथे मोबाईल काढता येत नाही. मी एका आठवड्याला एकच वचन घेतो, कागदावर लिहून खिशात. या आठवड्यात स्तोत्र १२१ मधलं, इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, ते. रात्री तीनला डोळे मिटायला लागले की ते आठवतं. आपण जागे, तोही जागा. एवढंच. जास्त वाचलं की माझं काहीच राहत नाही.

तुमच्यासारख्याच एका ताईंचा डबा मी खातो. त्या माझं नाव घेत असतील तर मला फार बरं वाटेल.

उत्तर: नाशिकरोड_कॅथलिक

मी वेगळ्या मंडळीचा आहे, तरी लिहितो. फेब्रुवारीत आमच्याकडे बाळ येशूच्या यात्रेला माणसांचा पूर लोटतो, मी बरीच वर्षं तिथे सेवेला असतो. त्या दोन दिवसांत स्वतःची प्रार्थना म्हणून काही होत नाही, रांगा लावायच्या आणि पाणी द्यायचं. आधी वाईट वाटायचं.

मग एका फादरांनी ब्रदर लॉरेन्सबद्दल सांगितलं. सतराव्या शतकातले, पॅरिसला कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात, स्वयंपाकघरात कामाला. त्यांना त्या कामाची मुळात नावड होती, हे मला महत्त्वाचं वाटलं. तरी भांड्यांच्या खडखडाटात ते देवाशी बोलत राहायचे आणि लक्ष भरकटलं तर स्वतःला शिव्या न देता परत वळायचे. त्यांनीच लिहून ठेवलंय की पहिली दहा वर्षं फार जड गेली. दहा वर्षं, ताई. आपण दहा दिवसांत हिशोब मागतो.

सातपूरची_डबेवाली (तीन आठवड्यांनी)

मावशी, तुम्ही सांगितलं तसं दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. डब्यांवर मी नेलपॉलिशने नावं लिहिलेली आहेत, पुसट झाली होती ती आधी परत काढली. मग झाकण लावताना एकेक नाव. पहिले दोन दिवस नुसती नावंच झाली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ३४ पैकी निम्म्यांबद्दल मला काही माहीतच नाही. म्हणून पिशवी देताना विचारायला लागले. एकाची बहीण बाळंतपणाला आली आहे. एकाला कामावरून कमी करणार आहेत. आता झाकण लावताना म्हणायला काहीतरी असतं.

पण ज्यासाठी लिहितेय ते वेगळंच. एक मुलगा आहे, त्याचे दोन महिन्यांचे ४,८०० रुपये बाकी आहेत. 'ताई, पगार झाला की देतो' हे पाच वेळा ऐकलं. पहिल्या आठवड्यात त्याच्या डब्याशी आले की माझ्या तोंडून नाव निघेना. झाकण दाबून पुढे जायची. मग एकदा थांबले आणि डब्यात बघितलं. तीन पोळ्या. बाकी सगळ्यांना चार. आणि त्यातली वरची तव्यावर करपलेली.

हे मी महिनाभर करत होते. ठरवून केलं नव्हतं, हात आपोआप तसा जात होता. करपलेली पोळी बाजूला निघाली की त्याच्या डब्यात. कोणी बघत नव्हतं, त्याने कधी विचारलं नाही. मला वाटत होतं की देव लांब गेलाय कारण मला वेळ नाही.

त्या दिवशी चौथी पोळी घातली, करपलेली काढून ताजी ठेवली. प्रभूची प्रार्थना म्हणू म्हटलं, ती तरी पाठ आहे. तर 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीतल्या 'ऋण्यांस'पाशी येऊन अडकले. लहानपणापासून म्हणतेय, शब्द असा कधी दिसला नव्हता. ऋणी म्हणजे हाच की. झाकण हातात तसंच.

मावशी, याचा अर्थ पैसे सोडून द्यायचे का? मला ते परवडणार नाही. गॅसच्या दोन टाक्या त्यात येतात.

शरणपूरची_मावशी

तुझं वाचून मी बराच वेळ बसून होते. मला चार वाजता उठवून कोणी विचारलं असतं, तुझ्या वर्गातल्या कुठल्या मुलाला तू करपलेली पोळी दिलीस, तर माझ्याकडेही एक नाव आहे.

पैसे सोड असं मी म्हणणार नाही, ते तुझ्या कष्टाचे आहेत. पण ते त्याच्या तोंडावर माग. त्याच्या जेवणातून वसूल करू नकोस. काय अडचण आहे ते विचार. थोडे थोडे देतोस का, विचार. चार पोळ्या मात्र चालू ठेव, देवो न देवो.

सातपूरची_डबेवाली

हो मावशी. तो संध्याकाळी रिकामा डबा द्यायला येतो, साडेसातच्या सुमारास. रोज दारातूनच परत जातो. आज चहा ठेवते आणि आत बसवून विचारते.