मदत हवी आहे: एलटीओ-५ टेपांचा दुसरा संच काढायचा आहे, ड्राइव्ह कुठला घ्यावा?

गिरणाकाठ (जळगाव)
एमआयडीसीतल्या कारखान्याचा बॅकअप माझ्याकडे आहे. एलटीओ-५ च्या (बॅकअपच्या चुंबकीय टेपांची पाचवी पिढी) ३८ टेपा आहेत. ३० बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरने लिहिलेल्या, बाकी ८ वर नुसता टार (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम). वाचायला सॅस केबलने जोडायचा एकच बाहेरचा ड्राइव्ह, तोही एलटीओ-५. सगळा माल एकाच कपाटात आहे, म्हणून दुसरा संच धुळ्याच्या ऑफिसात ठेवायचा ठरलंय. विक्रेता म्हणतो एलटीओ-९ घ्या, जुना ड्राइव्ह काढून टाका. हे बरोबर आहे का? आणि दोन ड्राइव्ह लावून डीडी या कॉपी करणाऱ्या आदेशाने टेपवरून टेपवर सरळ उतरवलं तर चालेल का? काही टेपा काठोकाठ भरलेल्या आहेत.

तोरणमाळ
भाऊ, जुना ड्राइव्ह अजिबात काढू नका. एलटीओ-९ फक्त ८ आणि ९ च्या टेपा वाचतो, एलटीओ-८ फक्त ७ आणि ८ च्या. दोघांतही तुमची एलटीओ-५ टेप वाचली जाणार नाही. दोन पिढ्या मागचं वाचणारा शेवटचा ड्राइव्ह म्हणजे एलटीओ-७: तो ५ वाचतो, ६ आणि ७ वर वाचतो-लिहितो.

माझं मत एलटीओ-७ चंच. लिहायला तो आणि वाचायला सध्याचा. उद्या जुना ड्राइव्ह बंद पडला तरी मूळ टेपा नव्यात वाचता येतील, हा आधार मोठा आहे. एका एलटीओ-७ टेपेवर ६ टीबी मावतात, तुमच्या एकीवर १.५ टीबी, म्हणजे साधारण चार टेपांचा माल एकीत बसतो. एलटीओ-५ वरून एलटीओ-५ वर करू नका. खराब जागा आली की ड्राइव्ह तोच मजकूर पुढे पुन्हा लिहितो, त्यामुळे प्रत्येक टेपेची खरी क्षमता थोडी वेगळी पडते. काठोकाठ भरलेल्या टेपेची प्रत शेवटच्या काही जीबींवर अडकते.

ड्राइव्ह साध्या सॅस एचबीएला (जोडणीचं कार्ड) जोडा, रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) नको. केबल मागवण्याआधी दोन्ही टोकांचे कनेक्टर बघा. जुन्या ड्राइव्हला बहुधा एसएफएफ-८०८८ असतो, नव्या कार्डाला एसएफएफ-८६४४.

वाघूर
डीडीबद्दल. बॅक्युलाच्या टेपांना ते वापरू नका. प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला व्हॉल्यूमचं (बॅक्युलाच्या भाषेत त्या टेपेचं) नाव लिहिलेलं असतं. डीडीने तेही जसंच्या तसं उतरतं. मग एकाच नावाच्या दोन टेपा होतात, कॅटलॉगला (बॅक्युलाच्या नोंदवहीला) एकच माहीत. शिवाय चार टेपा एकीत घालता येत नाहीत.

बॅक्युलाचा कॉपी जॉब (झालेल्या बॅकअपची प्रत काढणारं काम) लावा. सिलेक्शन टाइप व्हॉल्यूम ठेवा, पॅटर्नमध्ये टेपेचं नाव द्या, जुन्या पूलमध्ये (टेपांच्या गटात) नेक्स्ट पूल म्हणून नवा पूल लिहा. वाचणारा आणि लिहिणारा डिव्हाइस वेगळाच लागतो. एखादा जॉब दोन टेपांवर पसरलेला असेल तर पुढची टेप मागितली जाईल, ती हाताशी ठेवा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते इथे: जॉब रिटेन्शन (कॅटलॉगमध्ये नोंद ठेवायची मुदत) डिफॉल्ट १८० दिवस, फाइल रिटेन्शन ६० दिवस. जुन्या टेपांच्या नोंदी कॅटलॉगमधून केव्हाच गळालेल्या असतात आणि कॉपी जॉब 'काही सापडलं नाही' म्हणून संपतो. टेपेला काही झालेलं नसतं. आधी कॅटलॉगचा डम्प (पूर्ण प्रत) घ्या, रिटेन्शन वाढवा, मग बीस्कॅन -एस -एम ने त्या टेपांच्या नोंदी परत भरा. त्यासाठी प्रत्येक टेप पूर्ण वाचली जाते. १४० एमबी प्रति सेकंद पूर्ण वेग मिळाला तरी भरलेल्या टेपेला तीन तास धरा.

नव्या डिव्हाइसला मॅक्सिमम फाइल साइझ १० जीबीच्या आसपास करा. डिफॉल्ट १ जीबी आहे, तेवढ्यावर दर वेळी फाइलमार्क (फाइल संपल्याची खूण) पडतो आणि वेग खाली येतो.

गिरणाकाठ
बीस्कॅनने नोंदी आल्या, कॉपी जॉब चालू झाला. धन्यवाद दोघांना. आता टारच्या टेपा. डीडी लावलं की पहिल्याच वाचनाला 'कॅनॉट अॅलोकेट मेमरी' येतं. सर्व्हरमध्ये ६४ जीबी रॅम आहे, मग हे कसं?

वाघूर
दादा, रॅमचा संबंध नाही. डीडीला दिलेला बीएस (एका वेळी वाचायचा आकार) टेपेवरच्या ब्लॉकपेक्षा लहान पडला की लिनक्स हाच संदेश देतो. बीएस दिला नसेल तर तो ५१२ बाइट असतो, आणि टारचा नेहमीचा ब्लॉक १०,२४० बाइट.

टेप रिवाइंड करा, एमटी या टेपेच्या आदेशाने सेटबीएलके ० (ब्लॉकचा आकार बदलता) करा, मग बीएस १एम आणि काउंट १ देऊन एकच ब्लॉक वाचा. किती बाइट आले ते डीडी सांगतो, तोच ब्लॉकचा आकार. डिव्हाइस एनएसटी० घ्या. एसटी० घेतला तर दर आदेशानंतर टेप सुरुवातीला जाते आणि तुम्ही पहिलीच फाइल पुन्हा पुन्हा वाचत बसता.

या ८ टेपा थेट टेपवर नको, आधी डिस्कवर उतरवा. १० केबीच्या ब्लॉकने वाचन मंद होतं, आणि एलटीओ-७ ला सेकंदाला साधारण १०० एमबीपेक्षा कमी मिळालं की तो थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू होतो. त्यात टेप आणि हेड दोन्ही झिजतात. डीडी फाइलमार्कपाशी थांबतो, पुढच्या फाइलसाठी तोच आदेश पुन्हा द्या, शून्य बाइट आले की टेप संपली. प्रत्येक फाइलचा शा-२५६ (मजकूर बदलला तर बदलणारा ठसा) काढा, मग २५६ केबीच्या ब्लॉकने लिहा, परत वाचून शा जुळवा. पुढे वाचताना टारला -बी ५१२ लागेल, हे टेपेच्या लेबलवरच लिहून ठेवा.

तोरणमाळ
थोडं टेपेच्या अंगाचं. मूळ टेप घालण्याआधी मागचा लाल खटका कुलपाच्या बाजूला सरकवा. कडेचं छोटं दार बोटाने उघडून आतली धातूची पिन दोन्ही क्लिपांत सरळ बसली आहे का बघा. पिन तिरकी असेल किंवा टेप हातून पडलेली असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका.

वाचनात चूक आली तर तीच टेप रेटत राहू नका. टेपइन्फो आदेशात अलर्ट २० दिसला तर क्लीनिंग टेप लावा, ४ दिसला तर टेपच संशयास्पद आहे, ती दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघा.

दोन्ही ड्राइव्ह आणि सर्व्हर ऑनलाइन यूपीएसवर हवेत. टेप आत असताना वीज गेली तर टेपेच्या डबीतल्या चिपमधली टेपेची अनुक्रमणिका अर्धवट राहते. पुढच्या वेळी अलर्ट १८ येतो आणि टेपेवर जागा शोधायला फार वेळ लागतो.

आणि मे महिन्यात धुळ्याला नेताना गाडीच्या डिकीत ठेवू नका. वाहतुकीची मर्यादा ४९ अंश आहे, आपल्याकडे बंद गाडी उन्हात ती सहज ओलांडते. पहाटे निघा, डबे आत एसीत ठेवा, पोचल्यावर २४ तास खोलीच्या तापमानाला राहू द्या, मगच ड्राइव्हमध्ये घाला. कायमच्या साठवणीला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता. पावसाळ्यात आर्द्रतेकडे जास्त लक्ष द्या.

गिरणाकाठ
शेवटचा प्रश्न. रिस्टोर करून बघितलं तर बॅक्युला मूळ टेपच मागतो. प्रत तपासायची कशी?

वाघूर
मूळ नोंद आहे तोवर तो मूळच मागणार. मूळ जॉब पर्ज झाला (कॅटलॉगमधून निघाला) की प्रत आपोआप तिची जागा घेते. तपासायला रिस्टोरपुढे कॉपीज हा शब्द द्या, प्रतींची यादी येते, त्यातला जॉबआयडी वापरा. प्रत्येक नव्या टेपेवरून सुरुवातीचा, मधला आणि अगदी शेवटचा असे तीन जॉब वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. टेपा धुळ्याला पाठवायच्या आधी हे करा आणि सोबत कॅटलॉगचा डम्प व बूटस्ट्रॅप फाइल (कुठला जॉब कुठल्या टेपेवर ते सांगणारी) द्या. नाहीतर जळगावचा सर्व्हर गेला तर धुळ्यात पुन्हा बीस्कॅनपासून सुरुवात.