घुमट आरतीचं रेकॉर्डिंग: ट्रॅक फ्रीझ करावेत की बफर वाढवावा?

फोंडा_कीबोर्ड
चवथीच्या आरत्यांची कामं आली की व्हर्च्युअल व्हायोलिन, बासरी, तानपुरा असे पंधरा-वीस ट्रॅक लागतात. त्यावर घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) प्रत्यक्ष वाजवून घ्यायला बसलं की आवाजात कट्-कट् सुरू. मग बरेच जण बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाच्या सॅम्पलचा, म्हणजे नमुन्यांचा, गठ्ठा) १२८ वरून १०२४ वर नेतात. हे साफ चूक आहे. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१.३. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून दुप्पट. थाप हातात एक आणि हेडफोनमध्ये त्यानंतर ४० मिलिसेकंदांनी दुसरी, लय सुटणारच. त्यापेक्षा जड ट्रॅक फ्रीझ करा. वाद्याचं गणित थांबतं, उरते साधी ऑडिओ फाइल: ३२ बिट स्टिरिओ, पाच मिनिटांना सुमारे ११५ एमबी. फ्रीझ करताना शेवटी दोन मात्रा जास्त घ्या, नाहीतर रिव्हर्बची (घुमणाऱ्या नादाची) शेपटी तुटते.

म्हापसा_मिक्स
अजिबात पटलं नाही. घुमटासाठी ऑडिओ इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटर आहे ना, माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारा! तो चालू करा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं तर थाप दोनदा ऐकू येते, आणि लोक दोष बफरला देतात. असं केल्यावर १०२४ ठेवूनही घुमटवाल्याला उशीर जाणवत नाही. तुमच्या फ्रीझचं काय होतं? आरतीची लय जरा चढवायची म्हटलं की सगळे ट्रॅक उघडा, टेम्पो बदला, पुन्हा फ्रीझ करा.

फोंडा_कीबोर्ड
घुमटापुरतं मान्य. पण हार्मोनियम कीबोर्डवरून वाजवायची असेल तर? तो आवाज संगणकातच तयार होतो, डायरेक्ट मॉनिटरमध्ये तो येणारच नाही. तिथे १२८ हवाच, आणि १२८ ला बाकीचे ट्रॅक जिवंत ठेवून चालत नाही. लय आधी पक्की करा, मग फ्रीझ.

डिचोली_शामेळ
भांडणाच्या आधी रिव्हर्ब मोजा. वीस ट्रॅकवर वीस कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या जागेच्या नादाची नक्कल करणारे, जड) असतील तर प्रोसेसर दमणारच. एका सेंडवर (सगळ्या ट्रॅकच्या सामायिक वाटेवर) एकच ठेवा, सगळे ट्रॅक तिथे पाठवा. व्हायोलिनचा रिलीज (सूर सोडल्यावर विरण्याचा वेळ) लांब असेल तर सुटलेले सूरही वाजत राहतात, म्हणून पॉलिफोनी (एका वेळी वाजणाऱ्या सुरांची मर्यादा) १६ वर आणा. मास्टरवरचा (अंतिम एकत्र आवाजावरचा) लुकअहेड लिमिटर, म्हणजे पुढचा आवाज आधी पाहून शिखरं दाबणारा, रेकॉर्डिंगपुरता बंद करा. तो भार फारसा घालत नाही, उशीर घालतो. तो उशीर भरून काढायला माणूस बफर आणखी खाली नेतो आणि कट्-कट् वाढते.

म्हापसा_मिक्स
रिव्हर्बचं शंभर टक्के बरोबर. हार्मोनियमसाठीही फ्रीझ लागत नाही: सगळ्या वाद्यांचा एक कच्चा स्टिरिओ मिक्स काढा, त्याच सॅम्पल रेटच्या, त्याच टेम्पोच्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये तो पहिल्या मात्रेवर ठेवा आणि १२८ वर फक्त हार्मोनियमचा मिडी (आवाज नव्हे, कोणता सूर कधी दाबला याची नोंद) घ्या. नंतर मिडी मूळ प्रोजेक्टमध्ये आणा.

फोंडा_कीबोर्ड
कच्च्या मिक्समध्ये बासरी वाजवणाऱ्याच्या कानाला मोठी वाटली तर कमी कशी करणार? फ्रीझ केलेल्या ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) तरी हलतो.