तुतीची फळे ठेवल्यावर अँटिऑक्सिडंट वाढतात का?

प्रश्न (तालुका गेवराई, जिल्हा बीड)

नमस्कार. आमच्याकडे दीड एकर व्ही-वन जातीची तुती आहे आणि ती अर्थातच रेशमाच्या अळ्यांसाठी लावलेली आहे. घरातल्या लग्नामुळे यंदा फेब्रुवारीची बॅच घेतली नाही, छाटणी लांबली आणि मार्चमध्ये फांद्या फळांनी लगडल्या. पाल्यासाठी बाग ठेवणारे आपण लोक एरवी या फळांकडे ढुंकूनही पाहत नाही, पण या वेळी मी ती तोडून संभाजीनगरच्या एका ज्यूसवाल्यांकडे पाठवली. सकाळी सहाला तोडलेल्या फळांच्या क्रेटच्या तळातून दुपारी जांभळे पाणी गळत होते, आणि उरलेल्या फळांना दुसऱ्या दिवशी आंबूस, ताडीसारखा वास येऊ लागला.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. मी एका प्रयोगशाळेतून दोन नमुने तपासून घेतले. ताज्या फळांत एकूण फिनॉलिक घटक (अँटिऑक्सिडंट म्हणून मोजतात ते) १०० ग्रॅममागे २१० मिलिग्रॅम आले, आणि त्याच तोडणीची फळे फ्रिजमध्ये उघड्या ताटात तीन दिवस ठेवून दिली तेव्हा २३१ आले. म्हणजे फळ ठेवल्याने अँटिऑक्सिडंट वाढतात, असे समजावे का? तसे असेल तर पाकिटावर छापता येईल का?

उत्तर १ (परभणी, अन्नतंत्राचा पदवीधर)

ताई, एका माहितीशिवाय या दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही. ताटात ठेवताना फळांचे वजन किती होते आणि तीन दिवसांनी किती भरले?

प्रश्नकर्ती

ठेवताना ५०० ग्रॅम होते, काढताना ४२५ भरले. फळे थोडी सुरकुतली होती, पण बुरशी नव्हती.

उत्तर १ (पुढे)

मग उत्तर आपल्याच वहीत आहे. पहिल्या दिवशी ५०० ग्रॅम फळांत एकूण १०५० मिलिग्रॅम फिनॉलिक घटक होते. तिसऱ्या दिवशी ४२५ ग्रॅममध्ये १०० ग्रॅमला २३१ प्रमाणे साधारण ९८२ मिलिग्रॅम उरले. आकडा दहा टक्क्यांनी वाढलेला दिसतो, प्रत्यक्षात साडेसहा टक्के माल कमी झाला आहे. तुतीत सत्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, तिची साल पातळ असते, आणि फ्रिजची हवा उघड्या ताटातले पाणी ओढून घेते. पाणी गेले की उरलेला रस घट्ट होतो, इतकाच त्या वाढीचा अर्थ आहे. साठवणुकीचे प्रयोग वाचतानाही आकडा ओल्या वजनावर दिला आहे की कोरड्या, हे मी आधी पाहतो. ते लिहिलेले नसेल तर त्या वाढीवर माझा विश्वास बसत नाही.

दुसरे असे की, फिनॉलिक मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत वापरले जाणारे फोलिन-सिओकाल्टू द्रावण केवळ फिनॉलवर रंग देत नाही, ते क जीवनसत्त्वाशी आणि काही शर्करांशीही रंग देते. काळ्या तुतीच्या रंगाचा मुख्य भाग सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-३-रुटिनोसाइड या अँथोसायनिनांचा असतो. त्याशिवाय रुटिन, क्लोरोजेनिक आम्ल वगैरे असतात. आपल्याला साठवणुकीत काय टिकते हे पाहायचे असेल तर अँथोसायनिन वेगळे मोजून घ्या. एक नमुना सामू (पीएच) १.० ला आणि एक ४.५ ला ठेवून ५२० व ७०० नॅनोमीटरवर रंग मोजतात. पद्धत सोपी आहे.

पाकिटावर काही छापण्याची घाई करू नका. अन्नपदार्थांवरील दाव्यांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत आणि दाव्याला पुरावा लागतो. दोन नमुन्यांचा अहवाल त्याला पुरत नाही.

उत्तर २ (अंबड, जिल्हा जालना)

मी दोन वर्षे थोडी फळे विकली आहेत, म्हणून हातची गोष्ट सांगतो. आपला तोटा अँटिऑक्सिडंटमध्ये नाही, क्रेटमध्ये झाला. वीस किलोच्या क्रेटमध्ये तुती भरली की तळातली फळे वरच्यांच्या वजनानेच फुटतात, रस सुटतो, आणि सुटलेल्या रसावर किण्व (यीस्ट) चढले की ताडीचा वास येणारच. उथळ ट्रेमध्ये दोन थरांपेक्षा जास्त भरू नये. देठासकट तोडावे, फांदी हलवून पाडू नये. पूर्ण काळी झालेली फळे गोड लागतात आणि रंगही त्यांतच जास्त असतो, पण प्रवासासाठी जरा लालसर झाक उरलेली फळेच टिकतात. या दोन्हींचा मेळ रोज सकाळी झाडापाशीच घालावा लागतो. धुणे मात्र खाण्याच्या वेळी. ओली फळे ठेवली की राखाडी बुरशी एका रात्रीत धरते.

तोडल्यावर पहिल्या एक-दोन तासांत फळाची उष्णता काढली नाही तर पुढे कितीही थंड केले तरी उपयोग कमी. आखाड्यावर मी विटांच्या दोन भिंती आणि मधे ओली वाळू, असा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधला आहे. ही रचना दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची आहे. आपल्याकडची मार्चची हवा कोरडी असल्याने बाहेर ३८ अंश असताना आत पारा पंचविसाच्या खाली येतो. हे तुतीला पुरेसे नाही, कारण तिला शून्य ते एक अंश आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रता हवी, पण गाडी येईपर्यंतचे दोन तास निभावतात. भारनियमनात त्याला विजेची गरज नाही, हे आणखी एक.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. ज्यूसवाले आता म्हणतात की गोठवून दिली तरी चालतील. शिवाय एक गंमत दिसली: तोडणीनंतर साबणाने हात धुतले तर बोटांवरचा जांभळा डाग निळा पडला आणि लिंबू चोळल्यावर पुन्हा लाल झाला. हा रंग पक्का नाही, असे समजावे का?

उत्तर १

तीच अँथोसायनिनची ओळख आहे: आम्लात लाल, अल्कलीत निळे. म्हणून रसाला थोडे लिंबू पिळलेले बरे. गोठवताना फळे ट्रेमध्ये सुटी पसरून कडक करा, मगच पिशवीत भरून उणे १८ अंशांवर ठेवा. वितळवून ठेवू नका. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे वितळताना फळातलेच विकर (एन्झाइम) हवेशी मिळून रंग तपकिरी करतात. गोठलेली फळे थेट स्टीलच्या पातेल्यात घालून पटकन तापवली की ते विकर निकामी होते. लोखंडाची कढई किंवा अ‍ॅल्युमिनियमचे पातेले वापरू नका.

उत्तर २

ताई, एक विचारायचे राहिले. बागेत यंदा तुक्रा रोगासाठी (पिठ्या ढेकणामुळे शेंडे आकसतात तो) किंवा फुलकिड्यांसाठी काही फवारले होते का? तुतीवर औषध फवारल्यानंतर थांबण्याचे दिवस अळ्यांच्या हिशेबाने सांगितलेले असतात, माणसाने फळ खाण्याच्या हिशेबाने नव्हे.

प्रश्नकर्ती

जानेवारीच्या शेवटी एक फवारणी झाली होती. ज्यूसवाल्यांना आजच फोन करून कळवते आणि उरलेली फळे काढत नाही. पुढच्या वर्षी विहिरीकडच्या चार ओळी फळांसाठी वेगळ्या ठेवीन, तिथे पंप नेणार नाही.