स्मार्ट चार्जर लावून ३० तास झाले, बॅटरी फुल व्हायचं नावच घेत नाही

पार्किंगमधला_पांडू

मंडळी मदत करा. पेट्रोल गाडी आहे, ३५ एएचची (अ‍ॅम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) साधी लेड अ‍ॅसिड बॅटरी, साडेतीन वर्षं जुनी. घरूनच काम असल्यामुळे गाडी आठ-आठ दिवस हलत नाही, मागच्या रविवारी सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. शेजारच्या काकांनी जंप स्टार्ट करून दिली आणि वर लेक्चर पण दिलं. मग ऑनलाइन ४ अ‍ॅम्पिअरचा स्मार्ट चार्जर मागवला, बाइकचा आणि कारचा असे दोन मोड आहेत, चार दिवे आहेत, फुल झाली की चौथा लागतो असं लिहिलंय. लावायच्या आधी बॅटरीला मीटर लावला तर ११.९ व्होल्ट आलं होतं. शनिवारी सकाळी लावला तो रविवारी दुपारपर्यंत तिसऱ्या दिव्यावरच अडकलाय, आणि चार्जर हाताला गार लागतो, म्हणजे काही काम करतोय की नाही तेच कळत नाही. चार्जर परत पाठवू का? गॅरेजवाला न बघताच फोनवर म्हणाला बॅटरी बदला.

सांगलीकर_भाऊ

गॅरेजवाला तेच म्हणणार, त्याला नवी विकायचीय 😄 परत बिरत पाठवू नका, हायवेला एक चक्कर मारून या, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा डायनॅमो) भरेल सगळं.

विजेचा_खांब

भाऊ, चक्कर मारून एवढी बसलेली बॅटरी भरत नाही ओ, अर्ध्या तासात थोडीफार भर पडते, बाकी तशीच राहते आणि अल्टरनेटरवर उगाच लोड.

पांडूशेठ आधी हिशोब बघा. ११.९ म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी, ३५ पैकी साधारण ३० एएच भरायचंय असं धरा. ४ अ‍ॅम्पिअरने सात-आठ तास, आणि त्यापुढे अजून तीन-चार तास, कारण १४.४ व्होल्टला पोचल्यावर चार्जर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू आपोआप कमी होत जातो. पोत्यात धान्य भरताना शेवटी हलवून हलवून बसवावं लागतं ना, तसंच. म्हणजे १२ तास लागले तर काही बिघडलेलं नाही, पण ३० हे जास्तच आहेत.

आता तीन गोष्टी सांगा. १) मोड बाइकचा तर नाही ना राहिला? तो बहुतेक चार्जरमध्ये १ अ‍ॅम्पिअरच्या आसपास असतो, मग ३० तास लागणारच. २) मधे लाईट गेली होती का? काही चार्जर लाईट परत आली की सगळ्यात छोट्या मोडवर जाऊन बसतात, आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते तेव्हा माझा हमखास असं करतो, दोनदा फसलोय. ३) चिमटे थेट बॅटरीला लावलेत की मधे वायर जोडलीय?

पार्किंगमधला_पांडू

मोड कारचाच आहे, आत्ता खाली जाऊन बघून आलो. लाईट गेली नाही.

तिसऱ्याचं... हो, जोडलीय 🙈 पार्किंगमधला प्लग खांबावर आहे आणि गाडीपासून लांब पडतो, म्हणून घरात लाईटच्या कामातली उरलेली वायर होती ती चार्जर आणि चिमट्यांच्या मधे टाकली, पाचेक मीटर असेल. टेप नीट मारलीय, शॉर्ट बिर्ट काही नाही.

विजेचा_खांब

सापडला चोर. वायरीवर जाडी लिहिलेली असते ती बघा, ०.५ स्क्वेअर एमएम असेल तर ५ मीटर जायचे आणि ५ यायचे असे १० मीटर, त्याचा रेझिस्टन्स ०.३५ ओहमच्या आसपास. ४ अ‍ॅम्पिअर वाहिले की १.४ व्होल्ट वायरीतच खल्लास. चार्जरला त्याच्या टोकाला १४.४ दिसतात, त्याला वाटतं बॅटरी भरत आली, लगेच हात आखडता घेतो, आणि बॅटरीला मात्र १३ च मिळतायत. गार लागतोय तो त्यामुळेच, बिचारा काम करायला तयार आहे पण तुम्ही त्याला फसवताय.

१२ व्होल्टची बाजू कधीच लांबवायची नाही. लांबवायची तर २३० ची बाजू, चांगल्या एक्स्टेंशन बोर्डाने, अर्थिंग असलेल्या, आणि पार्किंगमध्ये पाणी येत असेल तर बोर्ड जमिनीवर नको, विटेवर किंवा स्टुलावर ठेवा.

अण्णा_ऑटो

वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी दोन शब्द घालतो. टर्मिनलवर पांढरी हिरवी पावडर साचली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका, मग सुकवून व्हॅसलीन लावा. चार्जिंग चालू असताना मीटरची एक काडी चिमट्याला आणि दुसरी शिशाच्या पोस्टला लावून बघा, तिथे अर्धा व्होल्ट जरी दिसला तर कॉन्टॅक्ट खराब समजायचा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी बघा, प्लेटा उघड्या दिसल्या तर आधी त्या बुडतील इतकंच डिस्टिल वॉटर घाला, वरच्या खुणेपर्यंत चार्जिंग झाल्यावर. नळाचं अजिबात नको. आणि भरताना हायड्रोजन निघतो, बंद जागेत बिडी ओढत उभं राहू नये, आमच्या एका पोराने भुवया जाळून घेतल्यात.

बॅटरी बसली कशाने ते पण शोधा, नुसती आठ दिवस उभी राहून चांगली बॅटरी एवढी बसत नाही. डॅशकॅम आहे का?

पार्किंगमधला_पांडू

आहे, पार्किंग मोडला असतो, म्हणजे गाडी बंद असली तरी कॅमेरा चालूच 😐

अण्णा_ऑटो

मग काय. ०.३ अ‍ॅम्पिअर जरी खात असेल तरी दिवसाला ७ एएच, ३५ ची बॅटरी पाच दिवसांत झोपली. लॉक केलेल्या गाडीने ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत खायला पाहिजे.

पार्किंगमधला_पांडू

अपडेट देतो. वायर ०.५ चीच निघाली. काढून टाकली, बायकोच्या इस्त्रीचा एक्स्टेंशन बोर्ड उचलला (त्यावर वेगळं बोलणं खाल्लं), चिमटे थेट बॅटरीला. एका टर्मिनलवर बुरा होता तो धुतला. काल संध्याकाळी ७ ला लावला, चार्जर लगेच कोमट झाला, आणि सकाळी ८ ला चौथा दिवा! डॅशकॅमचा पार्किंग मोड बंद केलाय. संध्याकाळपर्यंत गाडी तशीच ठेवून मीटर लावला तर १२.५ आलं. चालेल ना?

विजेचा_खांब

चांगली बॅटरी फुल झाली की १२.६-१२.७ दाखवते, म्हणजे तुमची थोडी सल्फेट झालीय (प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि बॅटरी पूर्ण भरत नाही), रिकामी पडून राहिली की होतंच. चार्जरला हा थर काढायचा रिपेअर मोड असेल तर एकदा चालवून बघा, पण तो १५ च्या वर व्होल्टेज देतो, तेव्हा गाडीच्या केबल्स काढूनच. आणि सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर धरायला सांगा, ९.६ च्या खाली गेला तर हिवाळ्याआधी नवीन बघायला लागेल.

पार्किंगमधला_पांडू

१०.४ आला. मीटर काकांनीच धरला, परत लेक्चर.

सांगलीकर_भाऊ

आता तरी हायवेला चक्कर मारा की राव.