सी-ए-टी येतं, पण ‘कॅट’ वाचता येत नाही

*टिळकवाडी, बेळगाव, सोसायटी ग्रुप*

*२०३:* झड लागलीय, पोरं घरातच. पहिलीतल्या मुलाला ए टू झेड तोंडपाठ आहे. पण तीन अक्षरं पुढं ठेवली की ‘सी, ए, टी’ म्हणतो, ‘कॅट’ म्हणत नाही. काय करायचं?

*१०४:* अगं, मराठीत काय, कन्नडमध्ये काय, अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. क म्हणजे क. इंग्रजीत तसं नाही. ‘एच’ या नावात ह कुठंच नाही. म्हणून नावं थोडे दिवस बाजूला ठेव, नुसते आवाज घे. तेही पाय मोडून: क्, ट्, प्. आपण सवयीनं कअ, टअ म्हणतो आणि तिथंच अडतं. ‘कअ-ॲ-टअ’ कितीही भरभर म्हटलं तरी त्याचं कॅट होत नाही.

*२०३:* हां, मी टअच म्हणते की! मग सुरुवात कुठल्या अक्षरांनी करू, बाई?

*१०४:* एस, ए, टी, पी, आय, एन. या सहांतच सॅट, सिट, पॅन, पिन, टॅप, टिप, नॅप, अँट असे पंधरा-वीस शब्द निघतात. सोबत एम घे. स्, म्, न् लांबवता येतात, ‘म्म्म्ॲॲन्न्न्’ असं ओढलं की मॅन आपोआप कानावर येतो. प्, ट्, क् लांबवता येत नाहीत, ते शब्दाच्या शेवटी आधी आणायचे.

*३०१:* कार्डं घरीच करा वहिनी. जुन्या लग्नपत्रिकांचे ३ सेंटिमीटरचे चौकोन कापा. पाच स्वर प्रत्येकी ४. एस, टी, पी, एन, आर, एल, डी, एम प्रत्येकी ३. बी, सी, एफ, जी, एच, के प्रत्येकी २. उरलेली सात एकेक. एकूण ६३. स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाच्या १०० सोंगट्यांत ई १२ असतात, पण लहान शब्दांना तेवढे लागत नाहीत. क्यूला यू शेजारी चिकटवूनच ठेवा.

*३०१:* आणि अक्षरं स्मॉल लिपीतच काढा, प्रत्येकाखाली लाल रेघ हवीच. रेघ नसली की कार्ड उलटं धरलं जातं, मग एनचा यू होतो, पीचा डी होतो.

*२०२:* बी आणि डी मात्र रेघ असूनही उलटसुलट होतात, काका.

*३०१:* होतात. ते दोन्ही एकाच आठवड्यात शिकवू नका, झालं.

*१०४:* खेळ असा. पॅन मांडायचा, एकच कार्ड बदलायला लावायचं. पॅनचा पिन, पिनचा टिन, टिनचा टिप, टिपचा सिप, सिपचा सिट. कुठलं कार्ड हललं ते त्यानंच सांगायचं. दहा मिनिटं पुरे, कंटाळायच्या आधी उचलायचं. ई शेवटी घे. पेन आणि पॅन आपल्या मुलांना एकच ऐकू येतात. हनुवटीखाली हात धरायला सांग, पॅनला जबडा जास्त खाली जातो, ते हाताला कळतं.

*२०२:* आमची चौथीत आहे. तिला हे फार सोपं होईल.

*१०४:* तिला एक मोठा शब्द दे. ‘किचन’ची सात अक्षरं: के, आय, टी, सी, एच, ई, एन. त्यातून किट, टेन, नेट, हेन, टिन. मग चिन, थिन, नेक, काइट, नाइस. शेवटी थिंक, थिक. सीएच, टीएच, सीके या जोड्या वेगळ्या रंगाच्या कार्डावर लिही, कारण दोन अक्षरांचा आवाज एकच. काइटमधला ई स्वतः गप्प बसतो आणि आयला त्याचं नाव घ्यायला लावतो. किट आणि काइट शेजारी मांड, म्हणजे दिसेल. आणि किचनमध्येच टीचा आवाज ऐकू येत नाही, ते तिनं शोधू दे, सांगू नको.

*१०४:* शब्द जुळला म्हणजे आला असं नाही हं. त्याची वस्तू दाखवायची किंवा वाक्य करायला लावायचं. मराठी-कन्नड दोन्ही विचार. काइट म्हणजे पतंग, शेजारचं कन्नड पोर गाळीपट म्हणेल. हेनला ते कोळी म्हणेल आणि आपल्या पोराला जाळं विणणारा कोळी आठवेल. तेव्हा चित्र काढून घे, नाहीतर अर्थ चुकीचाच बसेल.

*२०३:* बाई, पत्रिका कुणाकडे आहेत का?

*१०१:* आमच्याकडे गठ्ठाच आहे, पाठवून देतो. जाड बघून घ्या, पातळ कागद दोन दिवसांत दुमडतो.