मदत हवी आहे: स्पॅनिश बोलणाऱ्या शेजारच्या आजींसाठी

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनला राहतो. शेजारच्या आजी मेक्सिकोच्या, इंग्रजी जेमतेम. नुकताच मधुमेह निघालाय. परवा औषधाची बाटली घेऊन आल्या आणि घाबरून विचारलं, "दिवसाला अकरा गोळ्या?" लेबलवर इंग्रजीत 'वन्स' होतं, म्हणजे एकदा. पण तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' वाचतात, म्हणजे अकरा! विचारलं म्हणून बरं, माझ्या तर पोटात गोळाच आला.

दवाखान्यात दुभाषी म्हणून बारा वर्षांची नात बसते. मला हे अजिबात पटत नाही. १९८० मध्ये फ्लोरिडात एका तरुणाच्या घरच्यांनी 'इंतोक्सिकादो' म्हटलं. त्यांना खाण्यातून बाधा झाली असं सांगायचं होतं, डॉक्टरांनी नशेचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता, मुलगा कायमचा लुळा पडला. तिथे तर मोठी माणसं बोलत होती!

सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषी मोफत द्यायचा असतो, एवढं मला माहीत आहे. पण मागायचा कसा? अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं का? मेडलाइनप्लस ही अमेरिकी सरकारची आरोग्यमाहितीची वेबसाइट स्पॅनिशमध्ये आहे, पण आजींची शाळा तिसरीत सुटली, लांबलचक वाचवत नाही. तोर्तिया, भात, राजमा किती खायचा हे सांगणारे साधे स्पॅनिश व्हिडिओ कुणाला ठाऊक आहेत का? आणि त्यांच्याच वस्तीतल्या आरोग्यसेविका, ज्यांना 'प्रोमोतोरा' म्हणतात, त्या कुठे भेटतात?

इथे कुणी नर्स किंवा फार्मासिस्ट असाल तर कृपया लवकर कळवा. पुढची तपासणी गुरुवारी आहे.